अक्काबाईच्या मजल्यावर

आमच्या सोसायटीतली माणसं दिवाळीत केरळला जातात, व्हिएतनामला जातात आणि परत आली की लिफ्टमध्ये गाठून फोटो दाखवतात. मी यंदा दिवाळीत मुलुंडहून मरोळला जाऊन आले. फोटो काढले नाहीत, कारण तिथे उजेड नव्हता. पण तुमच्यातले बहुतेक जण तिथे गेलेले नसणार, याची मला खात्री आहे. मेट्रोतून ती इमारत तुम्ही रोज बघत असाल. काचेच्या एका उंच टॉवरला पाठ टेकून उभी असलेली, खिडक्याखिडक्यांतून कपडे वाळत घातलेली. वस्ती पाडून तिथल्या लोकांना दिलेली. बघायला तिकीट पुरतं, आत जायला कुणीतरी बोलवावं लागतं.

मला शेवंताने बोलावलं.

"मास्तरणी, पाडव्याक ये," ती फोनवर म्हणाली. "माका हंयसून काढतत."

"कोण काढतंय?"

"सगळे. माझ्या दारात केर येता. माझो नाय तो."

आणि तिने फोन ठेवला. शेवंता मूळची कुडाळकडची. नवरा गिरणीत होता, गिरणी बंद पडल्यावर मरोळच्या इस्टेटीत वॉचमन झाला आणि एक दिवस ड्यूटीवरच गेला. मूलबाळ नाही. असली बाई घाबरून फोन करत नाही, त्यामुळे मीच घाबरले.

तिची आणि माझी ओळख कशी झाली ते सांगते, म्हणजे तुम्हांलाही हसता येईल. मी तेवीस वर्षांची असताना मरोळच्या टेकडीवरच्या वस्तीत दारिद्र्य घालवायला गेले होते. खादीची साडी, खांद्याला झोळी, चेहऱ्यावर करुणा आणि काखेत गुंडाळलेला तक्ता, 'दारिद्र्याची कारणे'. अज्ञान, व्यसन, अंधश्रद्धा, मोठे कुटुंब, आळस. प्रत्येकाला एक चित्र. आळसाच्या चित्रात भर दुपारी झोपलेली बाई होती. पुढे बसलेल्या शेवंताने विचारलं, "ही रातपाळीक जाता?" मी म्हटलं, नाही हो, ही आळशी आहे. "मगे हिका झोप कशी लागता?" ती म्हणाली, आणि सगळ्या बायका इतक्या हसल्या की माझी करुणा तिथेच सांडली. तो तक्ता तिने मागून घेतला. पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर पुढे कितीतरी वर्षं ती पापड वाळवत असे. कागद जाड होता. माझ्या समाजकार्यातलं तेवढंच टिकलं.

"आई, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी कुणी घराबाहेर पडतं का?" मुलगा म्हणाला.

"लक्ष्मी तुमच्याकडे येतेच आहे रे. मी जरा तिच्या थोरल्या बहिणीला भेटून येते."

त्याला कळलं नाही. हल्लीच्या मुलांना अक्काबाई माहीत नसते. अक्काबाई म्हणजे लक्ष्मीची मोठी बहीण. लक्ष्मी आली की संपत्ती, ही आली की दारिद्र्य. पाडव्याच्या पहाटे घर झाडून, सूप वाजवत, केराबरोबर तिला दाराबाहेर काढायचं असतं. आणि मागे वळून बघायचं नसतं.

मरोळ गावठाण, लक्ष्मीपूजनाची दुपार

प्रवासात वर्णन करण्यासारखं काही घडलं नाही, कारण पवईच्या तळ्यापाशी मला झोप लागली. जागी झाले ती भलत्याच स्टॉपवर. उतरले आणि वाट शोधत गावठाणात शिरले. बाहेर एवढा हॉर्नचा कल्लोळ, आणि आत दोन वळणं घेतली की कौलारू घरं, अंगणात क्रूस, झेंडूच्या माळा घातलेला. एका ओट्यावर माझ्याच वयाच्या एक आंटी चकली खात बसल्या होत्या.

"हॅपी दिवाळी," त्या म्हणाल्या आणि चकलीचा डबा पुढे केला. "शेजारणीने पाठवलेली हाय. माझी नाय."

मी माझ्या डब्यातला रव्याचा लाडू त्यांना दिला. त्यांनी तो दाताने फोडायचा प्रयत्न केला, मग बाजूला ठेवला. आमच्या सुनेचे लाडू होते. मुलगी गुणी आहे, पण पाक तिला ऐकत नाही.

मी इमारतीचं नाव सांगून पत्ता विचारला. आंटी चघळायच्या थांबल्या.

"ती? ती तर तळ्यावर हाय."

"तळ्याकाठी?"

"तळ्यावर गो. आमची भाताची शेतं होती तिथं, न् मधे तळा. म्हशी बसायच्या. मग गाड्या आल्या, डबर टाकला, तळा बुजवला, वर बिल्डिंग केली. पन पानी कुठं जाल? खालीच बसलाय." त्यांनी चकलीचा तुकडा माझ्यासमोर नाचवला. "नीट चाल बाय. तिथं सगला एका बाजूला जातं."

म्हाताऱ्या बायका असं काहीतरी बोलतात. मीही बोलते. मी फारसं मनावर घेतलं नाही.

सातवा मजला, संध्याकाळ

लिफ्टमध्ये मी एकटीच होते. सातव्यावर दार उघडलं आणि मला वाटलं, आपण उशिरा पोचलो, रात्र झाली. बाहेर तर ऊन होतं. पण त्या पॅसेजला खिडकीच नाही. दोन्हीकडे खोल्यांची दारं, मधे लांबच लांब पॅसेज आणि एकच ट्यूब, ती सुद्धा लुकलुकणारी. दारं सगळी उघडी, वस्तीतल्या सवयीने. दारांवर पडदे. पडद्यांमागे टीव्ही, सगळीकडे एकच मालिका, त्यामुळे एकच बाई घराघरांतून रडत होती. माणूस मात्र एकही दिसेना. एक पडदा हलला आणि मी बघताच थांबला.

लिफ्टच्या दारात अडखळून माझा डबा तिरपा झाला आणि एक लाडू निसटला. खाली पडून फुटला नाही, ते तुमच्या लक्षात आलंच असेल. तो थांबलाही नाही. पॅसेजच्या मधोमध, कुणीतरी बोलावल्यासारखा, तो निघाला. घाई नाही, डावं-उजवं नाही. एकेका पडद्यासमोरून पुढे चालला होता. मी त्याच्या मागे. ट्यूब विझली की तो दिसेनासा व्हायचा, नुसती बारीक घरघर ऐकू यायची, आणि लागली की आणखी पुढे गेलेला असायचा. शेवटच्या दाराच्या उंबऱ्याला टेकून तो थांबला.

आतून आवाज आला. "इलंस?"

शेवंता बाहेर आली, वाकली, लाडू उचलून पदराला पुसला. "तुझ्या सुनेचो," ती म्हणाली. "फुटलो नाय म्हणान कळला."

ती पार वाळली होती. खोली मात्र लखलखीत. खिडकीबाहेर हात लांब केला तर लागेल इतक्या जवळ तो काचेचा टॉवर. उन्हाची तिरीपसुद्धा येत नाही. काचेत या इमारतीचं प्रतिबिंब पडतं, त्यामुळे शेवंता ओट्याशी उभी राहिली की तिकडेही एक शेवंता उभी राहते, पॉलिश केलेल्या घरात. तिने आंबोळी उलटली. तिकडचीने पण उलटली. मला क्षणभर वाटलं, तिकडची आधी वळली. मी खिडकीला पाठ करून बसले.

काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि आंबोळ्या. सुनेच्या लाडवांनंतर असं मऊ काही खायला मिळालं की डोळ्यांत पाणी येतं. आम्ही जेवत होतो आणि लिफ्ट आल्याचा टिंग असा आवाज झाला. मी मान बाहेर काढून पाहिलं. दार उघडलं होतं. आत कुणी नव्हतं.

"ये," शेवंता मोठ्याने म्हणाली आणि वाटाणे चावत राहिली.

"कुणाला म्हणतेस?"

"कोणाक म्हायत. दिवसातसून चार येळा येता." तिने मला आणखी एक आंबोळी वाढली. "इतक्या वर येवन कोणी ये म्हणाक नको?"

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

मग रंजना आली. जिन्याजवळ राहते, सोसायटीच्या सेक्रेटरीची बायको. चाळिशीची, चुणचुणीत, नव्या साडीतली. पण उंबऱ्याच्या आत पाऊल टाकेना. हातभर लांब उभी राहून बोलत होती.

"काकू, तुम्ही यांच्या पाहुण्या ना? मग तुम्हीच समजवा. भाऊबीज झाली की मिटिंग आहे. सगळ्यांचं एकच म्हणणं आहे, यांनी खोली सोडावी आणि गावाला पुतण्याकडे जावं."

"का बरं?"

"विचारा ना, वस्ती सोडताना काय आणलं."

शेवंताने दारामागे बोट दाखवलं. हिराचा जुना झाडू होता, माडाच्या झावळीचे हीर काढून तिने स्वतः बांधलेला, झिजून मुठीएवढा झालेला.

"वस्ती पडायच्या आदल्या दिवशी," रंजना हलक्या आवाजात म्हणाली, "आम्ही सगळ्यांनी जुने झाडू तिथेच टाकले. नव्या घरात जुना झाडू नेत नाहीत ना, अक्काबाई त्यात बसून येते. सगळ्यांनी टाकले. यांनी एकटीने आणला."

"बरो होतो झाडू," शेवंता म्हणाली. "टाकतलंय कशाक?"

"बघितलंत? आणि इथे आल्यापासून काय झालं बघा. आमच्या यांचं झोपडीच्या दारातच दुकान होतं, मिक्सर-कुकर दुरुस्तीचं. जाता-येता माणूस थांबायचा. इथे सातव्यावर मिक्सर घेऊन कोण चढणार? दिवसभर जिन्यात बसून असतात, पान्यांची पिशवी मांडीवर घेऊन. पलीकडची खारवलेले आवळे विकायची. ऊन नाही तर आवळे वाळणार कुठे? एकेकाचं असंच. आम्हांला वाटलं होतं, झोपड्यांबरोबर ती पण गाडली गेली. ती वर आली, काकू. सगळं हिच्या दारात येतं. लिंबू सुटलं तर हिच्या दारात. पोरांचा चेंडू हिच्या दारात. सांडलेलं पाणी, केर, सगळं. कोण ओढतंय?"

माझ्यातली तेवीस वर्षांची बया लगेच झोळी सावरून उठली. 'अंधश्रद्धा' हे कारण क्रमांक तीन होतं. मी तिला खाली बसवलं. कारण दुकान गेलं, ऊन गेलं, गल्ली गेली, ही कारणं रंजनाने स्वतःच्या तोंडाने सांगितली होती आणि तरीही तिची नजर त्या झाडूवरून हटत नव्हती. ती खोटं बोलत नव्हती. बोलताना ती एकेक पाऊल मागे सरकत होती.

ती गेल्यावर मी शेवंताला विचारलं, "गावाला जाशील?"

"थंय माझा कोण आसा? पुतण्याच्या बायलेन फोनार इचारल्यान, झाडू घेवन येतलंस काय." तिने ताटं उचलली. ओट्याकडे तोंड करून म्हणाली, "मास्तरणी, खरा सांग. मीच तर नाय मां ती?"

इतक्या वर्षांत तिने मला विचारलेला हा पहिला प्रश्न, ज्याच्यानंतर कुणी हसलं नाही.

पाडवा, पहाट

उजाडायच्या आधी शेवंताने मला तेल चोळून कढत पाणी दिलं. माझे केस अजून लांब आहेत आणि पूर्ण पांढरे. ओले, मोकळे सोडून मी पणती घेतली आणि उंबऱ्यात जाऊन बसले. म्हटलं, बघू तरी कोण केर टाकतंय.

ट्यूब आता पूर्णच गेली होती. आधी एका घरात सूप वाजलं, मग दुसऱ्या, मग सगळीकडे. ज्यांच्याकडे सूप नव्हतं ती घरं स्टीलचं ताट चमच्याने बडवत होती. पडदे सरले. बायका वाकून, खाली मान घालून झाडत बाहेर आल्या. "अक्काबाई, बाहेर जा. अक्काबाई, बाहेर जा." आपल्या उंबऱ्यातून केर ढकलायचा तो शेजारणीच्या दारापर्यंत, शेजारीण तिथून पुढे. ती कुठे जाते हे बघायचं नसतं, म्हणून कुणी मान वर करत नव्हतं. अंधारात त्यांचे चेहरेच नव्हते, नुसत्या पाठी आणि झाडू. आणि ती रांग माझ्याकडे येत होती. धूळ आली, मग केसांचे गुंतवळ, दिव्याच्या जळक्या वाती, फटाक्यांचे कागद. माझ्या पायांपाशी येऊन सगळं थांबत होतं.

मला खरंच भीती वाटली. पण म्हातारपणाचा एक फायदा असतो. भीती वाटली की मला खोडी सुचते.

"आले ग बायांनो," मी म्हटलं. "कुठे जाऊ ते सांगा."

माना वर झाल्या. उंबऱ्यात पांढरे केस सोडून बसलेली म्हातारी, खालून पणतीचा उजेड. कुणाचं तरी ताट हातातून पडलं आणि उभ्या कडेवर घरंगळत, घणघणत माझ्या शेजारून गेलं आणि भिंतीवर आदळलं. कुणी ओरडलं नाही. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. पळालंही कुणी नाही, कारण ढकलता-ढकलता मागे वळायचं नसतं.

"बाहेर जा," रंजना म्हणाली.

"बाहेरच बसलेय. पुढे भिंत आहे."

मागून कुणीतरी म्हणालं, "समोरच्या टॉवरमध्ये जा!" एकजण फिसकन हसली.

"तिथला वॉचमन आत सोडत नाही."

हसू विझलं. रंजना झाडू घट्ट धरून एक पाऊल पुढे आली आणि तिने मला विचारलं. मला म्हणजे मुलुंडच्या काकूला नव्हे, तिलाच विचारलं. "आई, तू कधी जाणार? वस्तीत होतीस ते समजलं. पत्र्यातून यायचीस, गटारातून यायचीस. आता तर भिंती पक्क्या आहेत. आता कुठून येतेस?"

तक्त्यावर पाच उत्तरं होती. मला एकही आठवेना. पणती फडफडत होती, एवढ्या बायका उत्तरासाठी थांबल्या होत्या आणि दारिद्र्याच्या जागेवर बसून मला एवढंच कळत होतं की माझ्या पाठीला भिंत लागते आहे आणि समोर सगळ्यांचे झाडू आहेत. इथे कुणीही बसलं असतं तरी तीच ठरली असती.

आतून शेवंता आली. हातात तोच झाडू, दुसऱ्या हातात सूप. माझ्या पायांपाशी बसली आणि गुपचूप सगळा केर सुपात भरला, सगळ्यांचा.

"हंय टाकून ती जावची नाय," ती म्हणाली. "गेटाभायर टाकूक व्हयी. चला."

कुणी हललं नाही.

"मी एकटी जावचंय नाय. माका जिनो उतराक हात लागता."

मग रंजनाने झाडू काखेत मारला आणि शेवंताचं कोपर धरलं. धरताना तिने डोळे मिटून घेतले होते.

सात मजले आम्ही चालत उतरलो, हातात सुपं आणि ताटं. प्रत्येक मजल्यावर कुणीतरी दारात येऊन बघायचं आणि काही जणी मागे लागायच्या. गेटाबाहेर, कचराकुंडीपाशी, सगळं टाकलं. मागे न बघता परतलो. टॉवरचा वॉचमन मात्र शेवटपर्यंत बघत होता. जिन्यात रंजनाने मला ओळखलं.

"काकू! तुम्ही? अहो, माझा जीव गेला असता!"

"मग तुलाही सगळ्यांनी पॅसेजच्या शेवटीच लोटलं असतं."

वर आल्यावर मी डब्यातला लाडू काढला आणि लिफ्टसमोर ठेवला. सगळ्यांच्या देखत तो निघाला आणि शेवंताच्या उंबऱ्याला जाऊन टेकला. परत आणून ठेवला, परत गेला. रंजनाच्या नवऱ्याने पान्यांच्या पिशवीतून सपाटी बघायची लेव्हल काढून फरशीवर ठेवली. त्यातला बुडबुडा एका टोकाला जाऊन चिकटला. मी त्यांना गावठाणात ऐकलेलं, या इमारतीखाली बुजवलेल्या तळ्याचं सांगितलं. एवढ्या वेळच्या भुताच्या भीतीपेक्षा ही भीती जास्त वाईट होती. एकजण भिंतीपासून बाजूला झाली. भूत गेलं होतं आणि त्याच्या जागी नुसती बिल्डिंग उरली होती.

मुलुंड

घरी आल्यावर मी पहिलं काम केलं. हॉलमध्ये फरशीवर लाडू ठेवला. सगळे बघत राहिले. लाडू ठेवला तिथेच राहिला. बाहेर जिन्याच्या चौकात ठेवला, तिथेही हलला नाही. आमची जमीन सपाट आहे. इतकी वर्षं मला ती आपोआपच तशी असते असं वाटत होतं.

देवदिवाळी झाल्यावर शेवंताचा फोन आला. मिटिंगमध्ये रंजनाच उठून म्हणाली की म्हातारीला कुणी हात लावायचा नाही. मग सगळ्यांनी मिळून गवंडी लावला आणि पॅसेजची फरशी नव्याने बसवून घेतली.

"म्हणजे तू राहिलीस!"

"रवलंय."

"मग आवाज का असा?"

"लिंबू आता उलटा जाता," शेवंता म्हणाली. "गवंड्यान जरा जास्तच उचलल्यान. आता सगळा जिन्याकडे जाता. केर, पाणी, सगळा. रंजनाच्या दारात."

मी खुर्ची ओढून बसले.

"तिच्या घोवाक कोणीतरी म्हणालो, तुझ्या बायलेन अक्काबाईक हात लावल्यान म्हणान. आता तिका बघून दारां लावतत."

तिच्याकडे लिफ्ट आल्याचा टिंग आवाज मला फोनवर ऐकू आला. दार उघडल्याचाही.

"ये," शेवंता म्हणाली.

मी विचारलं, "कोण गं?"

"कोण नाय." मग तिने आवाज खाली आणला. "मास्तरणी, तू येतंस मां? तिच्या दारात बसूक व्हया."

मी फोन ठेवला आणि सुनेला हाक मारून विचारलं, लाडू उरलेत का, आणि केस धुवायला शिकेकाई कुठे ठेवली आहेस.